कपाळावरचा अर्क

सोमवार, ७ एप्रिल

आजपासून मी गेटवर! नऊ वर्षं तपासणीच्या टेबलावर बसून मोज्यांची भोकं शोधली, आता माणसांचा ताप शोधायचा. साहेब म्हणाले, "तुमच्या नजरेतून काही सुटत नाही, म्हणून तुम्हीच." मॅनेजर माणूस गोड बोलला की मी आधी पर्स चाचपते. नकार देण्याची सोय नव्हतीच.

हत्यार म्हणजे ते पांढरं पिस्तूल. कपाळापासून चार बोटांवर धरायचं, चाप ओढायचा, की आकडा दिसतो. साडेनव्व्याण्णवच्या वर गेला तर माणूस परत. चौदा दिवस घरी, बिनपगारी. उन्हातून चालत आलेल्यांचं कपाळ तापलेलं असतं, म्हणून सगळ्यांना आधी सायकलींच्या शेडमध्ये दहा मिनिटं उभं करायचं आणि मगच रांग. नाव, खातं, आकडा असं सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं.

तीनशे चार माणसं. सात परत पाठवली. त्यातली एक प्रेसवाली — मोज्यांना इस्त्री मारते ती, माझ्याच बरोबर कामाला लागलेली. एकशे एक! हात जोडून म्हणाली, "तू बघितलंच नाहीस असं समज ना." म्हटलं, बघितलं, आणि लिहिलंसुद्धा. जाता जाता म्हणाली, "बहिणीच्या कपाळावर धरशील का असंच? बघू!"

धरलं की. ताई जोडणीच्या टेबलावर आहे, लांबी-रंग जुळवून मोज्यांच्या जोड्या लावते. तिलाही दहा मिनिटं शेडमध्ये ठेवलं. सत्त्याण्णव पॉइंट नऊ. आत शिरताना तिने मला जीभ काढून दाखवली. छप्पन्न वर्षांची बाई!

मंगळवार, ८ एप्रिल

लोक गोळी खाऊन येतात. मला माहीत आहे. सकाळी खाल्ली की दुपारपर्यंत ताप दबून राहतो. आज दोघांच्या खिशात गोळ्यांची पट्टी दिसली. विचारलं तर म्हणे डोकेदुखी. इतक्या सकाळी? कारखान्यात शिरायच्या आधीच?

वॉचमन म्हणतो, बाई तुम्ही देवावरसुद्धा संशय घ्याल. घेईन. देवाने रजिस्टरमध्ये सही केलेली नाही.

गुरुवार, १० एप्रिल

साथ वाढली. मोठ्या दवाखान्यात खाटा संपल्या, शाळेच्या वर्गांतून गाद्या टाकल्यात. आणि उपाय तर काय विचारूच नका! खालच्या मजल्यावरची उशाशी कापलेला कांदा ठेवते. समोरचा मिठाच्या पाण्याने दिवसातून सहा वेळा नाक धुतो, आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. कुणीतरी मनगटाला तांब्याची तार गुंडाळून आलं होतं. तारेवाल्याचा ताप शंभर. तार घेऊन घरी गेला.

ताई म्हणाली, लोक बुडताना काडीला धरतात, तू काडीची तपासणी करत बसतेस. म्हटलं, मग कोणी करायची?

शुक्रवार, ११ एप्रिल

शेडमध्ये वास! लवंग, कापूर आणि काहीतरी झोंबणारं. रंगखात्याची आठ-दहा माणसं कोपऱ्यात उभी राहून छोट्या बाटलीतून बोटावर घेत होती आणि कपाळाला, कानशिलांना चोळत होती. मी जवळ गेले तर बाटली खिशात गेली. लपवायचं काय होतं?

वॉचमनकडून काढून घेतलं — मास्तरांचा अर्क आहे. मास्तर म्हणजे रंगखात्याचे मुख्य, तीस वर्षं मोजे रंगवणारे. दिवसातून तीनदा लावायचा, त्यातला एकदा कामावर शिरण्याआधी. तापाला जवळ फिरकू देत नाही म्हणे.

रंगखात्यातला आज एकही परत गेला नाही. योगायोग. किंवा पाणी कुठेतरी मुरतंय.

शनिवार, १२ एप्रिल

साहेबांनी नियम बदलला. चौदा दिवस नाही, चारच. ताप नसेल तर या. मोठी ऑर्डर आहे ना! आजाराने साहेबांचं पत्रक वाचलंय असं दिसतं.

प्रेसवाली लगेच हजर. कपाळ चकचकीत, वासाने माझ्या डोळ्यांत पाणी. पिस्तूल धरलं. सत्त्याण्णव पॉइंट चार! दोनदा धरलं, तेवढंच. "बघ," म्हणाली. "तू हाकललंस, मास्तरांनी बरं केलं." डोळे लाल होते तिचे. माझ्यासारखेच अर्काने झाले असतील.

सोमवार, १४ एप्रिल

आज जेवणाच्या सुट्टीत रंगखात्यात गेले. सरळ. तिथे हौदांची वाफ, पायाखाली निसरडं. मास्तरांचे हात कोपरापर्यंत हिरवे — मागच्या आठवड्यात तांबडे होते. खिडकीत बाटल्यांची रांग, त्यात काचेचं नरसाळं.

म्हटलं, "यात काय आहे?"

"लवंग, कापूर, पुदिन्याचं सत्त्व, स्पिरिट. लपवण्यासारखं काही नाही, बाई."

"आणि हे तापावर चालतं असं कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. वडील आजारी असताना लावायचो. त्यांना बरं वाटायचं."

"घेता किती?"

"रिकामी बाटली आणायची. अर्क फुकट."

फुकट! फुकटाचं ऐकलं की माझे कान जास्तच टवकारतात. मी तसं तोंडावर म्हटलंही. मास्तर रागावले नाहीत. हात पुसत म्हणाले, "बाई, मी कुठलाही रंग नुसत्या डोळ्यांनी पास करत नाही. नमुना बुडवतो, वाळवतो, धुतो, मग तोंड उघडतो. अर्काचा नमुना रोज तुमच्याच गेटवर उभा असतो. पिस्तूल तुमच्या हातात, रजिस्टर तुमचं. मोजा. खोटा ठरला तर या हौदात ओतून टाकीन."

असं कोणी भोंदू बोलत नाही. म्हणूनच जास्त संशय येतो.

मोजते. बघूच.

मंगळवार, १५ एप्रिल

रजिस्टरमध्ये एक जादा रकाना आखला. अर्काचा वास आला की बरोबरची खूण, नाही आला की रिकामा. कोणाला सांगितलं नाही, ताईलासुद्धा नाही.

शनिवार, १९ एप्रिल

पाच दिवस झाले. तीन वेळा बेरीज केली.

अर्क न लावणारे रोज नव्वदच्या आसपास. त्यांच्यात ताप निघाला तेवीस जणांना. लावणारे दोनशेच्या वर. त्यांच्यात एकालाही नाही.

एकालाही नाही!

खोट काढायचा जीव तोडून प्रयत्न केला. म्हटलं, तरणे लोक लावत असतील. नाही, विणकामातले म्हातारे सगळ्यात पुढे. म्हटलं, एकाच वस्तीतले असतील. तेही नाही. म्हटलं, पिस्तूल बिघडलं असेल. मग न लावणाऱ्यांचा ताप बरोबर कसा दाखवतं? नऊ वर्षांत भोक नसलेला मोजा माझ्या हाती इतका वेळ राहिला नव्हता.

मास्तरांना आकडे दिले. त्यांनी चष्मा लावून पान वाचलं, परत वाचलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. इतके दिवस मनात या माणसाला काय काय म्हटलं मी!

रविवार, २० एप्रिल

ताई आजवर अर्काला शिवली नव्हती. टेबलावरच्या सगळ्याजणी लावतात, हिला आग्रह करतात, ही म्हणते, "आमच्या घरी एक तपासणी खातं आहे. तिथून पास झाल्याशिवाय मी काही लावत नाही."

आज दुपारी केस विंचरताना विचारलं तिने, "मग? पास की नापास?"

म्हटलं, "लाव. आकडे बरे आहेत."

"लिहून दे," म्हणाली, आणि हसत सुटली. मी नखाएवढ्या कागदावर खरंच लिहून दिलं. तिने तो आरशाच्या फ्रेममध्ये खोचलाय.

मंगळवार, २२ एप्रिल

साहेबांनी माझ्या पानाचा फोटो काढून नोटीस बोर्डावर लावला. खाली लिहिलंय, "आपला कारखाना तापमुक्त!" मला विचारलं नाही. वर पेढा दिल्यासारखी पाठ थोपटली.

आज गेटवर ताप शून्य. आता सगळेच लावतात, रिकाम्या रकान्यात कोणी उरलं नाही. मीही लावते हल्ली. गार वाटतं, डोकं हलकं होतं.

गुरुवार, २४ एप्रिल

भाजीवाल्याच्या फोनवर माझं पान!

टोमॅटो निवडत होते. तो शेजारच्याला दाखवत होता, "हे बघ, कारखान्यातलं रजिस्टर. दोनशे माणसं, एकालाही ताप नाही." वाकून बघितलं तर माझं अक्षर. माझ्या खुणा. कोपऱ्यात माझ्या कपाचा गोल डागसुद्धा. त्याला त्याच्या मेव्हण्याने पाठवलं, मेव्हण्याला आणखी कोणी. अर्काच्या बाटल्या तो वजनकाट्याजवळच ठेवून विकत होता. मास्तरांच्या नव्हेत. पाण्यासारख्या पातळ, लवंगेचा नुसता भास.

मनात चांगलं वाटलं आधी, खोटं का बोलू. माझं अक्षर कधी कोणी एवढं वाचलं नव्हतं. घरी येईपर्यंत ते चांगलं वाटणं विटलं.

शनिवार, २६ एप्रिल

एक गोष्ट जमत नाही.

गेटवर पाच दिवस ताप शून्य. आणि आत सतरा खुर्च्या रिकाम्या. विचारलं तर एकाची कंबर धरली, एकाला पित्त, एकाच्या गावी कोणीतरी गेलं. जोडणीच्या टेबलावरची एक काल जोड्या लावता लावता खाली कोसळली. उपाशी होती म्हणतात. प्रेसवाली तीन दिवस आली नाही. तिच्या घरी गेले तर कुलूप. शेजारीण म्हणाली, दवाखान्याची गाडी येऊन घेऊन गेली.

ताप कोणालाच नाही आणि माणसं गळतायत. असं कसं? रजिस्टर उलटं करून बघावंसं वाटतं.

रविवार, २७ एप्रिल

क्रमाने लिहिते.

दुपारी कपडे वाळत घालून आत आले, तर ताई दोन चादरी आणि वर रजई घेऊन पडलेली. एप्रिलात! पंखा बंद. दात वाजत होते. अर्क नुकताच लावलेला, खोलीभर वास. रविवारी पिस्तूल मी घरीच आणते, गेटवरच्या केबिनचं कुलूप नावापुरतं आहे. धरलं. सत्त्याण्णव पॉइंट दोन. म्हटलं ताप नाही, मग थंडी कसली? कपाटातला जुना काचेचा थर्मामीटर शोधला, झटकला, काखेत लावला. तीन मिनिटं.

एकशे तीन.

मला काय झालं कोण जाणे, तिचं अंग पुसायचं सोडून मी आधी भांडले. म्हटलं, "जागा जाईल म्हणून अर्क लावून माझ्यासमोर उभी राहत होतीस? मलाच शेंडी लावलीस? सगळ्यांसमोर, माझ्याच हातून?"

ताईने रजई हनुवटीपर्यंत ओढली. मग म्हणाली, "तूच म्हणालीस ना, लाव. चार दिवस थंडी वाजतेय. मला वाटलं, अर्क अंगात उतरतोय. गेटवर तूच रोज सांगत होतीस, ताप नाही."

हे ऐकल्यावर मी फडकं भिजवून आणलं.

मग तिचं कपाळ ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलं, कोरडं केलं, दहा मिनिटं थांबले. पिस्तूल: एकशे दोन पॉइंट सहा. परत अर्क लावला. दोन मिनिटांत सत्त्याण्णव. परत पुसला — चढला. परत लावला — उतरला. चौथ्या वेळी ताई म्हणाली, "माझं कपाळ आहे की रंगाचा नमुना?"

इतकं सोपं. अर्काने ताप जात नाही. स्पिरिट उडतं, कातडी गार होते, बस. आणि मी कातडीच मोजते. उन्हाने कपाळ तापतं म्हणून शेडमध्ये उभं करायचं हे मला शिकवलं होतं, गार होत असेल याचा विचार कोणी केला नाही. त्याच शेडमध्ये, त्याच दहा मिनिटांत, सगळेजण अर्क चोळत होते! मास्तरांनी नमुना बरोबर घेतला होता. चूक मोजण्यात होती, आणि मोजत मी होते. जगाची खोट काढणारी मी!

संध्याकाळी ताईला मोठ्या दवाखान्यात नेलं. शाळेच्या वर्गात नाही, आत खाट मिळाली. म्हणजे तेवढी आजारी आहे. आरशातली ती चिठ्ठी काढून फाडली.

सोमवार, २८ एप्रिल

सकाळी आधी मास्तर. पिस्तूल आणि बाटली घेऊन गेले, त्यांच्या गरम हौदाच्या पत्र्यावरच करून दाखवलं. पत्रा तापलेला, अर्क लावला की आकडा धाडकन खाली. मला वाटलं आता हा माणूस उलटणार, मलाच खोटं पाडणार, मी तयारीत होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या ताई कशा आहेत?"

खिडकीतल्या सगळ्या बाटल्या त्यांनी एकेक करून हौदात ओतल्या. चाळीसेक असतील. शेवटच्या चार-पाचांची झाकणं त्यांना उघडेनात, ती मी उघडून दिली.

मग साहेब. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, पेन्सिल फिरवत. "बाई, ऑर्डर उद्या निघायची आहे. नियमात कपाळ लिहिलंय. काख लिहिलेली नाही."

आणि तेव्हा दिसलं. त्यांच्या टेबलावर, फाइलींमागे, काचेचा थर्मामीटर. केस उघडी, शेजारी स्पिरिटचा बोळा. साहेबांच्या कपाळाला अर्काचा वास आजवर कधी आला नाही, हे माझ्या लक्षात यायला एवढे दिवस लागले! स्वतःला काख, आम्हाला कपाळ. किती दिवसांपासून माहीत होतं त्यांना? विचारलं. म्हणाले, "तुम्ही रात्र जागून काढलेली दिसते. घरी जा."

गेले नाही. औषधांच्या दुकानात जाऊन काचेचे चार थर्मामीटर घेतले.

मंगळवार, २९ एप्रिल

आज पिस्तूल केबिनमध्येच ठेवलं. रांगेला सांगितलं, प्रत्येकाची काख, तीन-तीन मिनिटं. एकच गलका! "आमचा अर्क बघवत नाही हिला." "बहीण आजारी पडली म्हणून आमच्यावर राग." कोणीतरी, "कारखाना बंद पाडायचे पैसे खाल्लेत हिने!" मी आजवर लोकांबद्दल जे जे मनात आणलं ते सगळं आज माझ्याबद्दल मोठ्याने ऐकलं.

तेवढ्यात मास्तर रांग सोडून पुढे आले. शर्टाचं वरचं बटण काढलं, हात वर केला. "माझ्यापासून सुरुवात करा."

तीन मिनिटं. एकशे एक पॉइंट दोन. मी आकडा हळू सांगितला. मास्तर वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा नमुना नापास. अर्क टाकून द्या. ज्यांना मी दिला त्यांनी मला माफ करा." मग सायकल घेऊन घरी गेले. हिरवा हात हँडलवर.

त्यानंतर लोक मुकाट पुढे येऊ लागले. वॉचमन थर्मामीटर पुसून देत होता. म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा, बाई." एरवी हसले असते. दहा वाजेपर्यंत एकशे बारा माणसं तपासली. एकेचाळीस जणांना ताप. एकेचाळीस! काल ही सगळी आत होती. माझ्या सहीने.

सव्वादहाला साहेब खाली आले. पिस्तूल वॉचमनच्या हातात दिलं आणि मला म्हणाले, "उद्यापासून येऊ नका." उरलेली रांग कपाळ दाखवत आत गेली. सगळी नाही. वीस-पंचवीस जण स्वतःहूनच घरी वळले.

बुधवार, ३० एप्रिल

प्रेसवाली गेली. परवाच गेली होती, मला आज कळलं.

पहिल्या दिवशी मी तिला परत पाठवलं होतं, बरोबर पाठवलं होतं. मग पाच दिवसांनी सत्त्याण्णव पॉइंट चार लिहून आत घेतलं. डोळे लाल दिसले होते. दिसले होते मला.

गुरुवार, १ मे

भाजीवाल्याला सांगितलं, "ते पान काढून टाक. चुकीचं आहे."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं? कारखान्याचं रजिस्टर आहे ते."

"मीच लिहिलंय."

"असं सगळेच म्हणतात," म्हणाला आणि कोथिंबिरीवर पाणी मारू लागला. आता बाटलीला लेबल आहे. लेबलवर माझं पान, बारीक करून छापलेलं, कपाच्या डागासकट. बाजारात असा अर्क निदान पाच जण करतात. मास्तरांनी हौदात ओतला तेवढा तर रोज एकट्या या गल्लीत खपत असेल. बरं, बोंब मारून सांगायचं तर कुणाला? माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, माझ्या अक्षरावर सगळे ठेवतात.

शुक्रवार, २ मे

ताईला भेटले. दुपारी चार ते सव्वाचार, एका रोग्याला एकच माणूस, अंगात ताप नको. दवाखान्याच्या दारावरही शिपाई पिस्तूल घेऊन उभा. कपाळावरच! मी त्याला तिथेच धडा दिला, अर्क, स्पिरिट, कातडी, सगळं. म्हणाला, "बाई, दोनशे लोक येतात. कोणाकोणाच्या काखेत घालू?" मी माझं कपाळ पुढे केलं.

ताईच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. बोलताना धाप लागते. मी माफी मागायला सुरुवात केली तर तिने हाताने गप्प केलं. म्हणाली, "चूक झाली गं. लबाडी नाही केलीस." थोड्या वेळाने, "तू बरी आहेस ना? मला फक्त तेवढीच काळजी आहे." तीनदा विचारलं. मी माझा हात तिच्या कपाळावर ठेवून बसले. कोरडं, तापलेलं कपाळ. किती दिवसांनी खरं काय ते हाताला लागलं.

शनिवार, ३ मे

मास्तर खोकतायत पण घरीच आहेत, बरे होतायत. त्यांच्या सुनेने सांगितलं. त्यांनी निरोप पाठवला, ताईंची खबर कळवत जा.

कारखाना कालपासून बंद. एकेचाळीस जणांपैकी कोणीतरी आरोग्य खात्यात गेलं. साहेबांचा फोन लागत नाही.

रविवार, ४ मे

अंग मोडून आलंय. काचेचा लावला. शंभर पॉइंट आठ.

म्हणजे माझीही पाळी. दार लावून घेतलं. खालच्या मजल्यावरच्या बाईला ओरडून सांगितलं, वर येऊ नका. तिने जिन्याच्या पायरीवर डबा ठेवला, आणि बाजूला कापलेला कांदा. ठेवू दे.

वॉर्डात फोन केला. उद्या भेटायला येता येणार नाही, अंगात ताप आहे, ताईला सांगा, पण ताप आहे हे सांगू नका. नर्स म्हणाली, मग सांगू काय? मी फोन ठेवला.

सोमवार, ५ मे

सकाळी डॉक्टरांचा फोन. "आज येऊन जा. उद्याचं सांगता येत नाही. त्या सारखं विचारतायत, बहीण बरी आहे ना."

मी एकशे एक पॉइंट चार.

ताईची अर्धी बाटली फळीवर होती. पावणेचारला दवाखान्याच्या भिंतीशी उभी राहून कपाळाला लावली, कानशिलांना लावली, दोन मिनिटं थांबले. शिपायाने पिस्तूल धरलं. सत्त्याण्णव पॉइंट सहा. वास ओळखला त्याने. "मीपण हाच लावतो," म्हणाला, आणि आत सोडलं.

ताईने हात उचलून माझ्या कपाळावर ठेवला. "गार आहेस," म्हणाली. "चला. बरी आहेस." आणि डोळे मिटून घेतले, शांत. पाव तासभर तिचा हात तिथेच होता. मग तिने माझा हात शोधला. मी तापलेले दोन्ही हात पाठीमागे धरून बसून राहिले.